हॉग बेटावरचे शिबिर आणि ते चालवणारे हात

निसर्गशिबिराचे वर्णन आपण ऐकतो त्यात पक्षी असतात, झाडे असतात, पहाटेचा गार वारा असतो आणि शेवटच्या रात्रीची शेकोटी तर असतेच असते. भांडी मात्र नसतात. समजा, ६० माणसे ६ दिवस एका बेटावर राहिली. दिवसाच्या तीन पंगती धरल्या तर रोजची १८० ताटे झाली. ६ दिवसांची हजाराच्या वर गेली. वाट्या, पेले आणि तळाला करपलेली पातेली वेगळीच. ही हजार ताटे कोणी तरी घासलेली असतात. माझी तीस वर्षे कामगार संघटनेत गेली, त्यामुळे म्हणा, कोणतीही संस्था पाहावयाची झाली की आधी मागच्या दाराने आत शिरावे अशी मला खोड लागली आहे. पुढच्या दाराशी उद्देश लिहिलेले असतात. मागच्या दाराशी संस्था कशी चालते ते कळते.

आज मला ज्या शिबिराविषयी सांगावयाचे आहे ते आपल्यापासून पुष्कळ लांब आहे. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. त्याचा किनारा आपल्या कोकणपट्टीसारखाच खाड्यांनी जागोजाग फाटलेला आणि बेटांनी भरलेला. फरक इतकाच की तेथील पाणी उन्हाळ्यातही हाडे गोठवणारे. या किनाऱ्यावर मस्काँगस नावाचा उपसागर आहे आणि त्यात, ब्रेमेन गावाच्या समोर, सुमारे ३३० एकरांचे हॉग बेट आहे. मी ते प्रत्यक्ष पाहिलेले नाही. जे सांगतो ते वाचनातून मिळालेले आहे. आणि थोडेसे, त्या बेटावरच्या एका घरट्यावर २०१२ पासून जो कॅमेरा बसवलेला आहे त्यातून. आमच्या चाळीत बसून मेनच्या किनाऱ्यावरची पक्षीण अंड्यांवर बसलेली पाहता येते, ही या काळाची एक गंमतच म्हटली पाहिजे.

बेट राखले गेले ते एका बाईमुळे. मेबल लूमिस टॉड हे नाव इंग्रजी काव्याच्या वाचकांना ठाऊक असेल. एमिली डिकिन्सन ही कवयित्री वारल्यानंतर तिच्या कवितांचे पहिले पुस्तक १८९० साली निघाले, ते सिद्ध करणाऱ्या दोघांपैकी ही एक. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हॉग बेटावरची झाडे लाकडासाठी तोडली जाणार असे दिसू लागले, तेव्हा तिने पुढे होऊन बेटाची बहुतेक जमीन विकत घेतली. पुढे उन्हाळ्यामागून उन्हाळे ती तेथे राहिली आणि १९३२ साली त्याच बेटावर वारली. तिची मुलगी मिलिसंट टॉड बिंगहॅम. भूगोल या विषयात हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारी ही पहिली स्त्री. आईने राखलेल्या रानाचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न तिच्यापुढे आला. विकावयाचे नाही हे ठरलेलेच होते. पण नुसते कुंपण घालून ठेवलेले रान किती दिवस टिकते? तिने ऑड्युबॉन संस्थेकडे धाव घेतली.

या संस्थेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. बायकांच्या टोप्यांवर लावण्यासाठी पिसे हवीत म्हणून अमेरिकेत बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती गोळ्या घालून उठवल्या जात, त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीतून ती जन्मली. स्थानिक मंडळांची राष्ट्रीय संघटना १९०५ साली झाली, आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात फ्लोरिडात गाय ब्रॅडली नावाचा पक्ष्यांचा पगारी रखवालदार शिकाऱ्यांना अडवताना गोळी लागून मारला गेला. पक्षी वाचवण्याच्या कामात नोकरीवर असताना माणूस मेला, ही गोष्ट त्या चळवळीच्या इतिहासात अगदी आरंभालाच लिहिलेली आहे. हौसेने पक्षी पाहणारे आणि पोटासाठी पक्षी राखणारे, असे दोन वर्ग तेथे पहिल्यापासून होते.

१९३४ पासून या संस्थेचा कारभार जॉन बेकर यांच्या हाती होता. १९३६ च्या उन्हाळ्यात हॉग बेटावर पहिले शिबिर भरले ते त्यांच्या धोरणातून. बेटाच्या टोकाला जुन्या इमारती होत्या, त्यांचा उपयोग झाला. शिबिरप्रमुख म्हणून कार्ल बुकहाइस्टर यांची नेमणूक झाली. पक्षी शिकवावयास रॉजर टोरी पीटरसन आले. पीटरसन तेव्हा २७ वर्षांचे होते. रानात हातात धरून पक्षी ओळखावेत असे त्यांचे पुस्तक १९३४ साली निघून गाजले होते. हा मनुष्य मूळचा फर्निचर कारागिराचा मुलगा. शाळा संपल्यावर काही काळ कारखान्यात फर्निचरवर नक्षी रंगवण्याची नोकरी करीत होता. पक्षिशास्त्राची पदवी त्याच्याजवळ नव्हती. हे वाचले तेव्हा मला विशेष आनंद झाला हे कबूल करतो. आमच्यासारख्या ग्रंथालयाच्या बाकावर शिकलेल्यांना अशी माणसे सोबतीला लागतात.

या शिबिरात मुख्य शहाणपणाची गोष्ट अशी की ते आरंभी मुलांसाठी नव्हते. ते शिक्षकांसाठी आणि मुलांच्या संघटना चालवणाऱ्यांसाठी होते. यामागचा हिशेब सरळ आहे. एका मुलाला बेटावर नेले तर एक मूल शिकते. एका शिक्षिकेला नेले तर ती परत जाऊन दर वर्षी चाळीस मुलांना शिकवते, आणि तिची नोकरी पंचवीस वर्षांची असते. पैसा थोडा असेल तेव्हा तो कोठे घालावा, हा प्रश्न ज्याने चळवळ चालवली आहे त्याला रोज पडतो. १९३६ हे साल मोठ्या मंदीचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे बेकर यांच्या निर्णयाचे मोल कळते. आज तेथे कुमारांचे वर्ग भरतात, कुटुंबांचे भरतात, शिक्षकांचा आठवडाही असतो. पण पाया त्या पहिल्या वर्षी घातला गेला.

आता मागच्या दाराने आत जाऊ.

बेटाला पूल नाही. म्हणजे पिठाची पोती, अंडी, दूध, औषधे, झोपण्याच्या चादरी, दुरुस्तीला लागणारा प्रत्येक खिळा होडीने येतो, आणि कचरा होडीने जातो. होडी हाकणारा आजारी पडला तर शाळा उपाशी राहते. शिबिरातल्या इमारतींना 'क्वीन मेरी', 'क्रोज नेस्ट', 'पोर्टहोल', 'ब्रिज' अशी जहाजाशी जुळणारी नावे दिलेली आहेत. ती हौसेने दिली असतील, पण एका अर्थाने चपखल आहेत. जहाजावर जसे शिधा, पाणी आणि माणसे मोजून घ्यावी लागतात, तसेच येथेही.

दुसरी अडचण भरती-ओहोटीची. त्या किनाऱ्यावर पाणी दहा फुटांच्या आसपास चढते आणि उतरते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर तारामासे, खेकडे, कालवे आणि समुद्रातले शेवाळ यांचा पाठ असतो. तो पाठ दुसऱ्या कोणत्याही वेळी देता येत नाही. भरतीची वेळ तर रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कारखान्याचा भोंगा रोज एका वेळी वाजतो. समुद्राचा भोंगा वाजत नाही आणि वेळही पाळत नाही. याचा अर्थ असा की शिकवणाऱ्याला वेळापत्रक रोज बदलावे लागते, आणि त्याच्या मागोमाग न्याहारीची वेळही. मार्गदर्शकाच्या ध्यानात हे राहते, कारण तो समुद्राकडे पाहत असतो. स्वयंपाक्याच्या ध्यानात राहावे लागते, कारण चिखलाने माखलेली ६० माणसे एकदम दारात उभी राहतात.

तिसरी अडचण हिवाळ्याची, आणि ही आपल्याला सहजासहजी कल्पनेत येत नाही. पाणी गोठले की फुगते, आणि नळात गोठले तर नळ फोडते. म्हणून शिबिर संपल्यावर इमारतींतले सगळे नळ रिकामे करावयाचे, तरते धक्के काढून ठेवावयाचे, खिडक्या बंद करावयाच्या. आणि मे महिन्यात पुन्हा सगळे जोडावयाचे, गळती शोधावयाची, रंग द्यावयाचा, पायवाटांवर पडलेली झाडे तोडून बाजूला करावयाची. म्हणजे शिबिर दर वर्षी एकदा मिटवून ठेवावे लागते आणि एकदा उलगडावे लागते. शिबिराच्या छायाचित्रांत हे दोन्ही आठवडे नसतात.

ही कामे दोन प्रकारची माणसे करतात. एक पगारी: शिबिराचा व्यवस्थापक, स्वयंपाकघर सांभाळणारे, होडीवाला, इमारतींची देखभाल करणारा, आणि शिकवणारे. दुसरे स्वयंसेवक. जुन्या शिबिरार्थींनी 'हॉग बेटाचे मित्र' अशा अर्थाच्या नावाची एक स्वतंत्र संस्था उभी केली आहे. तिचे सभासद आठवडा-आठवडा बेटावर येऊन राहतात, ताटे घासतात, टेबले मांडतात, खोल्या झाडतात, बागेतले तण काढतात. शिवाय पैसे गोळा करून ज्या शिक्षकांना व मुलांना शिबिराचे शुल्क झेपत नाही त्यांना मदत देतात. त्यांत निवृत्त माणसे पुष्कळ असतात. वीस वर्षांपूर्वी ज्या खोलीत शिकावयास राहिले त्याच खोलीत आता केर काढण्यासाठी आलेले असतात. यात काही तरी चांगले आहे हे माझ्यासारख्या संशयी माणसालाही नाकारता येत नाही.

या मित्रांची परीक्षा २००८ नंतरच्या मंदीत झाली. शिबिर आर्थिक ओढाताणीत सापडले, २००९ च्या उन्हाळ्यात बंद राहिले, आणि ७० वर्षांहून अधिक काळ चाललेली परंपरा तेथेच संपणार असे दिसू लागले. ते २०१० साली पुन्हा सुरू झाले ते समुद्रपक्ष्यांवर काम करणाऱ्या स्टीफन क्रेस यांच्या नेतृत्वाखाली आणि या जुन्या शिबिरार्थींच्या बळावर. कागदावर शिबिर ज्याच्या मालकीचे असते त्याच्याहून ते ज्यांना आपले वाटते त्यांनी ते वाचवले. कापड गिरण्या बंद पडताना आम्ही पाहिल्या आहेत. गिरणी ज्यांना आपली वाटत होती त्यांच्या हाती ती वाचवण्याचे साधन नव्हते. येथे थोडेफार होते. फरक केवळ प्रेमाचा नाही, हे सांगण्यासाठी ही तुलना केली.

आणि आता माझ्या मनातला खरा प्रश्न. जे काम एरवी मजुरीचे आहे, ते स्वयंसेवक फुकट करू लागला तर मजुराचे काय होते?

'स्वयंसेवक' हा शब्द फार सुंदर आहे आणि म्हणूनच तो जपून वापरावयास हवा. आपल्याकडे घरोघर फिरून बाळंतिणींची नोंद ठेवणाऱ्या, लसीकरणाला मुले आणणाऱ्या हजारो बायांना सरकारी भाषेत 'आशा स्वयंसेविका' म्हणतात. काम ठरलेले, नोंदवह्या ठरलेल्या, जाब विचारणारा वरिष्ठ ठरलेला. फक्त पगार नाही, त्याच्या जागी 'मोबदला'. अंगणवाडीतल्या सेविकेला मिळते ते 'मानधन'. मान आणि धन या दोहोंचा समास असला तरी दोन्ही बेताचीच. अंगणवाडी सेविकांना उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. १९७५ साली सुरू झालेल्या योजनेतल्या बायांना इतके कबूल करून घेण्यासाठी सत्तेचाळीस वर्षे थांबावे लागले. तेव्हा 'सेवा' हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात, यात आमचा दोष नाही.

अमेरिकेतही हा झगडा झालेला आहे. १९३५ साली तेथे कामगारांना संघटना करण्याचा हक्क देणारा कायदा झाला, १९३८ साली किमान वेतनाचा आणि कामाच्या तासांचा झाला. १९३५ च्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले. दुसऱ्याच्या घरी ताटे घासणारा माणूस आरंभीच बाहेर राहिला. किमान वेतनाच्या कायद्यात तर पुढे हंगामी संस्थांसाठी एक सूट आली. करमणुकीचे ठिकाण किंवा संघटित शिबिर वर्षातून सात महिन्यांहून अधिक चालत नसेल तर त्याला केंद्रीय किमान वेतन आणि जादा कामाचा दर लागू होत नाही. हॉग बेटावर कोणाला काय दिले जाते हा येथे प्रश्न नाही. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की उन्हाळी शिबिरांकडे कायदा वेगळ्या नजरेने पाहतो, आणि ती नजर शिबिराच्या मालकाची आहे.

दुसऱ्या बाजूचा निकालही सांगितला पाहिजे. १९८५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे टोनी आणि सूझन अलामो फाउंडेशन या धार्मिक संस्थेचे प्रकरण आले. संस्था पेट्रोलचे पंप, कपड्यांची दुकाने असे अनेक धंदे चालवीत असे, आणि तेथे काम करणाऱ्यांना रोख पगार न देता अन्न, वस्त्र, निवारा देत असे. ते आमचे स्वयंसेवक आहेत, असे संस्थेचे म्हणणे. आणि काम करणाऱ्यांनीही साक्षीत तेच सांगितले. न्यायालयाने ते मानले नाही. जो माणूस दीर्घकाळ अन्नवस्त्रासाठी त्या कामावरच अवलंबून आहे, त्याला मिळणारे अन्नवस्त्र हीच त्याची मजुरी आहे, आणि मजुरी असली की कायदा आला, असा त्या निकालाचा रोख आहे. सामान्य नियम तेथे असा मानतात की नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यात कोणाला स्वयंसेवक होता येत नाही, आणि धर्मादाय संस्थेतही स्वयंसेवकाने नेहमीच्या कामगाराची जागा घेता कामा नये.

ही फूटपट्टी हॉग बेटाला लावून पाहू. तेथे येणारा मित्र एक आठवडा येतो. त्याचे पोट दुसरीकडे भरते. त्याच्या हातचे काम हे मुख्य स्वयंपाक्याच्या आणि होडीवाल्याच्या कामाच्या जागी आलेले नाही, त्याच्या जोडीला आलेले आहे. एक खूण मी माझ्यापुरती बांधली आहे: हा मनुष्य उद्या आला नाही तर काय होईल? उद्या बागेतले तण तसेच राहणार असेल तर तो स्वयंसेवक. उद्या साठ माणसांचा स्वयंपाक अडणार असेल, तर ती नोकरी आहे. तिला पगार हवा, आणि ज्याला तिच्यावर ठेवावयाचे त्याला उन्हाळा संपल्यावर काय खावयाचे हेही विचारले पाहिजे. या कसोटीला ते शिबिर बरेचसे उतरते असे माझे मत झाले. सगळेच उतरते असे नाही. ताटे घासण्याचे काम कोठे पडते? ते उद्यावर टाकता येत नाही. तेथे माझी फूटपट्टी थोडी वाकते, आणि वाकते हे लपवण्यात अर्थ नाही.

शिवाय आठवडाभर फुकट राबण्याची ऐपत कोणाला असते? निवृत्तिवेतन मिळणाऱ्याला. मेनच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात हॉटेले भरतात, तेथे ताटे घासणारी तरुण पोरे असतातच. त्यांतला कोणी रजा काढून बेटावर पक्षी पाहावयास येऊ शकत नाही, कारण उन्हाळा हाच त्याच्या कमाईचा हंगाम. स्वयंसेवकांच्या संस्थेने शुल्काची मदत ठेवली आहे ती याच भेगेवर. पण बुडालेल्या रोजाची भरपाई मदतीतून होत नाही.

ऑड्युबॉन संस्थेच्या नोकरांनी स्वतः काय केले तेही ऐकण्यासारखे आहे. २०२१ साली त्यांनी दळणवळण कामगारांच्या मोठ्या संघटनेच्या आधाराने आपली युनियन केली. ज्यांच्या नावाने संस्था आहे ते जॉन जेम्स ऑड्युबॉन पक्ष्यांचे थोर चित्रकार खरे, परंतु ते गुलामांचे मालकही होते. २०२३ साली नोकरांनी आपल्या युनियनच्या नावातून ऑड्युबॉन काढून टाकले आणि 'बर्ड युनियन' असे नाव घेतले. संस्थेच्या संचालकांनी मात्र त्याच वर्षी जुने नाव कायम ठेवले. पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्या माणसाला युनियन कशाला हवी, असे विचारणारे तेथेही असतीलच. शाळामास्तरांनी संघटना केली तेव्हा आपल्याकडेही हाच प्रश्न विचारला गेला होता.

आता पफिनची गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून या बेटाची हकीकत पुरी होत नाही, आणि स्वयंसेवकाच्या कष्टाचे खरे रूप तेथे दिसते. पफिन हा उत्तर अटलांटिकमधला समुद्रपक्षी. अंगाने काळा-पांढरा, चोच लाल-नारिंगी पट्ट्यांची. हॉग बेटापासून बाहेर, त्याच उपसागराच्या तोंडाशी ईस्टर्न एग रॉक नावाचा सात एकरांचा खडक आहे. तेथील पफिन मांसासाठी आणि पिसांसाठी मारून १८८० च्या दशकात नाहीसे झाले होते. १९६९ साली हॉग बेटावर शिकवावयास आलेल्या तरुण क्रेस यांनी हे वाचले आणि ते पक्षी परत आणावयाचे ठरवले.

पफिनची सवय अशी की ज्या बेटावरून तो पिल्लू असताना समुद्रात उतरतो, त्याच बेटावर पुढे घरटे करावयास परततो. तेव्हा पिल्ले लहान असतानाच आणून त्या खडकावर वाढवली, तर ती त्यालाच घर समजतील असा तर्क. १९७३ साली कॅनडातल्या न्यू फाउंडलंडमधून सहा पिल्ले विमानाने आणली. हिरवळीच्या ढेकळांची बिळे बांधली. त्या बिळांच्या तोंडाशी माणसांनी जीवनसत्त्वे घातलेले मासे नेऊन ठेवावयाचे, आणि पिल्लाला आपले तोंड दाखवावयाचे नाही, म्हणजे त्याला माणसाची सवय लागत नाही. हे रोज करावयाचे, आणि करणारे कोण? विद्यार्थी, उमेदवार, स्वयंसेवक. खडकावर तंबू ठोकून, पावसात, धुक्यात. १९८६ पर्यंत अशी ९५४ पिल्ले आणली गेली.

पिल्ले समुद्रात गेली आणि वाट पाहणे सुरू झाले. पहिली दोन-तीन वर्षे पफिन जमिनीला पायच लावत नाही. एकटा पक्षी रिकाम्या खडकावर उतरत नाही म्हणून लाकडाचे रंगवलेले पफिन खडकावर मांडून ठेवले. १९७७ साली पायात कडे असलेला पहिला पक्षी परतला. घरटे मात्र नाही. चार वर्षे आणखी गेली. १९८१ साली चोचीत मासे धरून एक पफिन दगडांच्या फटीत शिरताना दिसला, म्हणजे आत पिल्लू होते. त्या वर्षी मोजक्याच जोड्यांनी घरटी केली. आठ वर्षे मासे वाहिल्यावर मोजक्या जोड्या! आमच्या चळवळीतली माणसेही इतका काळ थांबतात, पण निदान मधूनमधून त्यांना सभा घेता येते. आज त्या खडकावर दीडशेहून अधिक जोड्या आहेत, आणि समुद्रपक्षी परत आणण्याची ही रीत पुढे इतर देशांनीही उचलली.

काम संपले नाही. कुरवांनी अंडी खाऊ नयेत म्हणून उन्हाळाभर माणसे तेथे राहतात. आडोशात तासन्‌तास बसून कोणत्या पक्ष्याने कोणता मासा आणला हे वहीत टिपतात. या वह्यांची किंमत २०१२ साली कळली. त्या वर्षी मेनचे पाणी फार तापले. पिल्लांना गिळता येतील असे सडपातळ मासे दूर गेले आणि बटरफिश नावाचे रुंद मासे आले. आईबाप ते आणून देत, पिल्लांच्या घशात ते जात नसत. पिल्ले माशांच्या ढिगाशेजारी उपाशी मेली. टिपणारा वही घेऊन बसलेला नसता तर पिल्ले का मेली हे कोणाला सांगता आले असते?

आणि हाच गरम उन्हाळा शेजारच्या कोळ्यांनाही भोवला. मेनचा कोळी शेवंडीवर जगतो. पाणी तापल्यामुळे शेवंडींनी कवच लवकर टाकले, सापळ्यांत त्या अकाली आणि अमाप सापडू लागल्या, आणि भाव कोसळले. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१३ साली, तेथल्या काही कोळ्यांनी यंत्रकामगारांच्या संघटनेत जाऊन आपली युनियन केली. शिबिरात पक्षी शिकवताना समुद्राच्या तापमानाचा आलेख दाखवतात. त्या आलेखाशेजारी शेवंडीच्या भावाचा आलेख टांगावा अशी माझी सूचना आहे. ज्याच्या होडीशेजारून आपण पक्षी पाहावयास जातो त्या माणसाचे नाव त्या धड्यात असले पाहिजे.

कॅमेऱ्यातल्या ज्या पक्षिणीचा मी आरंभी उल्लेख केला ती ऑस्प्रे जातीची. मासे मारून खाणारा हा मोठा शिकारी पक्षी हिवाळ्यात आपल्या खाड्यांवर आणि धरणांवरही दिसतो. तिथल्या एका पक्षिणीला रेचेल हे नाव दिलेले होते, रेचेल कार्सन या लेखिकेवरून. डीडीटीमुळे या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटू लागली होती; अमेरिकेत १९७२ साली त्यावर बंदी आली, आणि पक्षी सावरले.

मी ही सगळी हकीकत इतक्या आस्थेने का वाचली, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेचा तीन दिवसांचा अभ्यासवर्ग समुद्रकाठच्या एका गावी भरला होता. सत्तर माणसे होती. स्वयंपाक सभासदांच्याच घरच्या चार बायांनी अंगावर घेतला होता. 'आपलंच काम आहे' असे म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाच्या तासांवर बोलत होतो. आठ तासांची पाळी जगात कशी आली, त्यासाठी किती रक्त सांडले, असे रंगात येऊन सांगत होतो. तेवढ्यात त्यांतली एक बाई पिठाचे हात तसेच घेऊन दाराशी आली आणि म्हणाली, "भाऊ, आम्ही पहाटे चारला उठलोय, रात्री अकराला आडवं होणार. हे कुठल्या पाळीत धरायचं?" सभा हसली. मीही हसलो. उत्तर मात्र दिले नाही, कारण ते माझ्यापाशी नव्हते.

पुढल्या वर्गापासून आम्ही स्वयंपाकाला मजुरी देऊन माणसे लावू लागलो, आणि ताटे घासण्याची पाळी सगळ्यांना लावली, वक्त्यांनाही. पहिल्या दिवशी एका ज्येष्ठ पुढाऱ्याने पातेले असे काही घासले की ते बायांनी पुन्हा घासले, आणि त्या दोन तासांची मजुरी कोणत्या खात्यात लिहावयाची यावर चिटणीस अडून बसला. वर्गणी पन्नास रुपयांनी वाढवावी लागली. त्या चौघींपैकी दोघी आता वर्गाला सभासद म्हणून बसतात. एक पहिल्याच रांगेत असते आणि मी वेळेच्या पुढे बोलू लागलो की घड्याळाकडे बोट करते. यंदाच्या हिशेबात स्वयंपाकाची मजुरी हा सर्वांत मोठा आकडा होता. त्यावर कार्यकारिणीत दीड तास वाद झाला, आणि तो चालू असतानाच चहा कोणी करावयाचा यावरून दुसरा वाद सुरू झाला.